आधी नाव, मंग भाकर

"आधी नाव, मंग भाकर," असं म्हणून बाई ताटली पदराआड धरत. दारात आलेल्या भुकेल्या माणसाने नाव-गाव सांगितलं, की मगच ती पुढे येई. सावंगी रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत त्यांचं घर माझ्या घरासमोर. त्या निवृत्त शिक्षिका, मी समितीचा सचिव. कुंपण मी घातलं, फाटक मी बसवलं, दिव्यांसाठी खेटे मी घातले. लोक जीव लावत तो बाईंना. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. मला बाईंचा हेवा वाटायचा, सरळच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एक म्हातारे कॉलनीतल्या मारुतीच्या मंडपात येऊन राहिले. ना घर, ना कोणी. मी समितीत विषय काढणार, तेवढ्यात बाई त्यांना घेऊन घरोघर फिरल्या. नव्या सुनेला आपण शेजारीपाजारी पाया पडायला नेतो ना, अगदी तसं. "हे आंजीचे. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले होते. ओळख ठेवजा," असं प्रत्येक दारात. माझ्या दाराशी आल्या तेव्हा मी आतूनच बायकोला म्हणालो, "घरात नाही म्हण."

पुढे उन्हाळ्यात बोअरची मोटर नाहीशी झाली. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. सभा बोलावून मी म्हणालो, "म्हाताऱ्याला आजच्या आज हलवा. लेकीबाळींची वस्ती आहे."

बाई उठल्या. "काऊन भाऊ? हाकलल्यावर लक्ष कोनावर ठेवान? मंडपातल्या मानसाचं नाव-गाव मले माहीत हाय. ज्याचं माहीत नाई, त्याले भ्या."

टाळ्या पडल्या. माझ्या फाटकाला कधी पडल्या नव्हत्या.

संध्याकाळी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात सापडली. आमच्याच खजिनदारांनी दुरुस्तीला टाकली होती आणि सांगायचं विसरले होते. म्हाताऱ्यांची माफी मागायला माझे पाय उचलेनात. बाईच समितीच्या वतीने मागून आल्या आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

यंदा पोळा झाला आणि बाई आठ दिवसांच्या तापात गेल्या. त्या गडबडीत म्हाताऱ्यांच्या जेवणाचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच ताटली घेऊन मंडपात गेलो. आता तरी हे पुण्य आपल्या पदरात पडेल, असंही मनात होतं. लाज वाटते, पण होतं.

त्यांनी हात मांडीवरून उचलला नाही. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "आधी नाव सांगजा."

सगळ्या कॉलनीत त्यांना माझंच तेवढं नाव माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं. सचिव म्हणावं की आडनाव सांगावं ते सुचेना, आणि निघालं ते एवढंच, "मी बाईंच्या समोरचा."

"मंग द्या," म्हणून त्यांनी ताटली घेतली.

जेवण होईस्तोवर ते बाईंच्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघत होते, माझ्याकडे एकदाही नाही. मी शेजारी बसून डोळे पुसत होतो, आणि तेव्हाही मला बाईंचा हेवाच वाटत होता.