कोर्टाच्या कडेला काढलेले बूट

धुळ्याच्या साहेब लोकांच्या क्लबात शालिग्राम मार्कर होता. ज्या वकील-डॉक्टरांना जोडीदार मिळत नसे त्यांच्याशी टेनिस खेळायचं, त्यांनी वाकडा मारलेला चेंडू सरळ करून परत द्यायचा, आणि उरलेल्या वेळात कोर्ट राखायचं, हे त्याचं काम. बावीस वर्षं तो ते अनवाणी करत आला होता. कोर्ट कुठे ओलं, कुठे कोरडं हे त्याच्या तळव्यांना कळे. त्यावरून चेंडू किती उसळणार याचा अंदाज बांधून तो आधीच तिथे जाऊन उभा राही. पळायची वेळ त्याच्यावर क्वचितच येई.

१९५२ साली लीलाधर वकील क्लबाचे चिटणीस झाले. नव्या कारभाऱ्याला काहीतरी बदलल्याशिवाय झोप येत नाही. त्यांनी नियम काढला, कोर्टावर अनवाणी कुणी उतरायचं नाही. पुढच्या आठवड्याच्या रविवारी जळगावचे खेळाडू सामन्याला येणार होते, आणि क्लबाकडून शालिग्राम खेळणार होता.

"बूट घालून खेळलास तर ठीक," वकील शालिग्रामला म्हणाले. "नाहीतर नाशिकचा मार्कर यायला तयार आहे." त्यात राग नव्हता. कोर्टाची पुढची तारीख सांगावी तसं ते बोलले.

बूट आले आग्रा रोडवरच्या रिखबचंदकडून. रिखबचंद जैन, चामड्याचा धंदा करणार नाही, म्हणून त्याच्या दुकानात फक्त कापडी, रबरी तळाचे बूट. तेही गादीजवळ घालून बघायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाने ओट्यावर उतरायचं आणि तिथेच पाय घालायचा. त्याने दोन कंपन्यांचा एकेक जोड दिला, एक पांढरा, एक तपकिरी. शालिग्रामने आठ दिवस वापरून जो चांगला म्हणावा, त्याचे बारा जोड क्लब घेणार होता.

शालिग्रामने डाव्या पायात पांढरा घातला नि उजव्यात तपकिरी. दोन्ही एकदम घातल्याशिवाय फरक कळणार कसा? चार दिवसांनी त्याने उलट केलं. बाजार हसला, हसू दे. तो पांझरा नदीच्या वाळूत चालला, देवळाच्या पायऱ्या चढला-उतरला, भर उन्हात सडकेवर धावला. शनिवारी त्याने वकिलांना तपशीलवार सांगितलं. पांढरा हलका, पण तळ पातळ. सडक भाजते आणि बोटं आवळतात. तपकिरी दोन दिवस टाचेला फोड आणतो, मग पायाच्या कह्यात येतो. त्याच्या तळाला खाचा आहेत, वाळूतही घसरत नाही.

वकिलांनी सगळं लिहून घेतलं. "आणि कोर्टावर?"

शालिग्राम खाली बघू लागला. कोर्टावर त्याने बूट घातलेच नव्हते. आठही दिवस तो चुन्याच्या रेघेपाशी आला की बूट काढून ठेवी, हात आपोआप बंदांकडे जात. तो दोंडाईच्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. बाप खळं सारवायचा तसंच तो हे कोर्ट शेण-मातीने सारवत आला होता, आणि खळ्यात पायताण घालून कुणी जात नाही.

"आत्ता खेळून दाखव," वकील म्हणाले.

शालिग्राम बूट घालून उतरला. कुणाच्या अंगणातल्या रांगोळीतून जावं तसा तो पाय उचलून चालत होता. नजर चेंडूवर कमी आणि मागे उमटणाऱ्या खाचांवर जास्त. सोपे सोपे चेंडू त्याने जाळीत घातले. वकिलांनी घड्याळ पाहिलं. "उद्या चार वाजता. तेव्हाही हेच झालं तर नाशिकला तार करतो."

घरी आल्यावर त्याला भाकरी गोड लागेना. लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त. चाळिशी उलटल्यावर दुसरं कोणतं काम मिळणार? त्याने बायकोला, कुंदाबाईला, सगळं सांगितलं, कोर्ट खळ्यासारखं वाटतं तेही. तिने तवा उतरवला.

"खयामा बैल फिरतस ना? त्यास्ना पायले लोखंडनी पत्री राहस. लक्ष्मी कधी कोपनी का?"

"तो बैल शे."

"आन तुम्ही कोन शेतस?"

शालिग्रामने उरलेली भाकरी खाऊन टाकली.

रविवारी चार वाजता त्याने चुन्याच्या रेघेला हात लावून कपाळाला लावला आणि तपकिरी बूट घालून आत पाऊल टाकलं. पहिले दोन डाव गेले. नंतर बैलाने खाली बघायचं नसतं हे त्याने मनाला बजावलं आणि खेळ जमला. संध्याकाळपर्यंत जळगावकर हरले होते. वकिलांनी तिथल्या तिथे बारा तपकिरी जोड सांगून टाकले.

"काय शालिग्राम, आहे ना आरामाचा?"

"बूट चांगला शे साहेब. टाचले लागस नही, घसरस नही." घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. "फक्त कोर्ट कोठे वलं शे, कोठे कोल्लं शे, ते आते पायले समजस नही."

"डोळ्यांनी बघायचं," वकील म्हणाले आणि पाहुण्यांबरोबर चहाला गेले.

मार्करची जागा शालिग्रामकडेच राहिली. आणखी सात वर्षं तो त्या कोर्टावर खेळला, आणि ती सातही वर्षं त्याला पळावं लागलं.