बीज न सोडलेलं साल

गाव सोडलं त्या सकाळी मी घरोघर फिरत होते. मुलगा जीपमध्ये गाठोडी टाकून ओरडत होता, "माय, चाल वं, भंडाऱ्याची बस निंगून जाईन!" मी ऐकलं नाही. दुकानदाराचं तेलमीठ चुकतं केलं. जाळ्यासाठी सूत आणलं होतं, त्याचे पैसे दिले. शेजारणीची चाळणी तिच्या हातात ठेवली. आम्ही ढिवर, मासे धरणारे. आमच्याकडे गाव सोडताना कोणाचं काही ठेवून जात नाहीत. माझी आई म्हणायची, "निंगाचं त सगळ्यायचं देऊन निंगाव. माघारी तोंड दाखवाले जागा राह्यली पाह्यजे."

सगळ्यांचं दिलं. बँकेचं दिलं नाही.

नवरा आजारी होता तेव्हा माझ्या झिरो बॅलन्सच्या खात्यातून, शिल्लक नसतानाही, पैसे उचलता येतात असं कळलं. अंगठा लावला, पैसे आले. ते औषधात गेले. मग नवराही गेला. परत भरायचे असतात हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. सांगितलं होतं. पण गावात सगळे म्हणायचे, सरकारी खातं, सरकारी पैसा, कोण मागायला येते! आणि खरंच कोणी आलं नाही. दुकानदाराला दार आहे, तोंड आहे. त्याचं ठेवलं तर लाज वाटते. बँकेची कोणाला लाज वाटते? खात्यात काही टाकलं नाही की ते आपोआप बंद पडतं, असंही ऐकलं होतं. तेच खरं धरून मी जीपमध्ये बसले. तुम्हीही कोणी गाव सोडून मुलाकडे राहायला गेला असाल, तर मागे असं एखादं खातं राहिलं आहे का, ते बघून घ्या.

मुलगा जवाहरनगरला कारखान्यात आहे. क्वार्टर पक्कं आहे, पाणी घरात येतं, रस्ते झाडलेले असतात. सकाळी फॅक्टरीची बस माणसं घेऊन जाते आणि मग दारं बंद होतात. शेजारीण बिहारची आहे, चांगली आहे, पण तिला माझं बोलणं कळत नाही आणि मला तिचं अर्धंच कळतं. सून काम करू देत नाही. गावात या वेळी मी आणि माझी मैत्रीण सखू टोपलं घेऊन तलावाच्या पाळीवर बसलेलो असायचो, मासे निवडत, भांडत. इथे मी पंख्याखाली बसते. मुलाने नवा मोबाईल दिला, त्याबरोबर नंबरही नवा आला. तो मी गावात कोणाला दिला नाही. काय सांगणार होते फोनवर? जेवले, झोपले, उठले.

दोन-अडीच वर्षांनी पुतण्याच्या लग्नाला मुलासोबत गावी गेले. मांडवात सखू बसली होती. सखू आमच्या बचत गटाची अध्यक्ष. आम्ही दहा बाया. दर पावसाळ्यात गट बँकेतून कर्ज घ्यायचा, त्यातून नखाएवढं मासोळीचं बीज आणून तलावात सोडायचा आणि हिवाळ्यापासून मासे विकून कर्ज फेडायचा. मी निघून आले तरी गटात माझं नाव तसंच होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले तर ती सरकली.

"आली वं, फॅक्टरीवाली आली," ती दुसरीकडे पाहत म्हणाली.

"काहून वं? का झालं?"

"का झालं, इचारते! बँकेनं गटाले कर्ज देलं नाही औंदा. एका बाईचं खातं थकलं हाये म्हणे. सायबानं कॉम्प्युटरात नाव दाखवलं. तुयं होतं."

"मंग मले फोन नाही कराचा?"

"केला ना. बंद दाखवे. का तुया क्वार्टरात येऊन दार वाजवाव?"

त्या साली बीज सोडलंच नाही. तलाव काठोकाठ भरला आणि आमच्या बायांसाठी रिकामा राहिला. सगळ्या दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला गेल्या. सखूची कंबर धरलेली, तरी तीही दिवसभर चिखलात वाकली. हे मला तिने नाही, दुसरीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन बँकेत गेले. व्याज चढूनही ती रक्कम त्याच्या खिशातल्या मोबाईलएवढी नव्हती. भरली. साहेब नीट बोलला. म्हणाला, "आजी, खातं साफ झालं, पण रेकॉर्डवर काही वर्षं दिसत राहील. गटाला कर्ज लवकर हवं असेल तर गटातून तुमचं नाव कमी करा."

मी तिथून सखूच्या घरी गेले. म्हटलं, पैसे भरले.

"भरले त बरं केलं," ती म्हणाली. "आता औंदाचं बीज कोठून आणशीन?"

गटाच्या बाया जमल्यावर मी नाव कमी करायच्या कागदावर सही केली. नऊ बायांनी बघितली. कोणी राहू दे म्हटलं नाही.

निघताना सखूकडून नदीचे मासे घेतले. आमच्यात ढिवरीण ढिवरणीकडून माशांचे पैसे घेत नाही. सखूने तराजू काढला, तोलले, पैसे घेतले आणि उरलेले सुट्टे माझ्या हातावर ठेवले. मी घासाघीस केली नाही. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. मुलगा म्हणाला, माय, एवढं काय मनाला लावून घेते, तुला आमच्याकडे काय कमी आहे?

कमी काही नाही. क्वार्टरच्या त्या ओळीत सगळे मला हात जोडतात, कोणी वाकडं बोलत नाही. कशाला बोलतील? माझ्यामुळे त्यांचं काहीच अडत नाही. तिकडे नऊ बायांचं एक साल माझ्यामुळे बुडालं आणि सखू मला तोंडावर बोलली. घर कुठे म्हणून कोणी विचारलं तर मी अजून त्याच गावाचं नाव सांगते. तिथे मला कोणी बसायला सांगत नसलं तरी.