टोळांची बशी

गेल्या वर्षी माझ्या मुलीला शाळेत वादविवादासाठी विषय मिळाला: भविष्यात प्रोटीनसाठी माणसाने किडे खावेत का? तिला 'खावेत' या बाजूने बोलायचं होतं. आठवडाभर इथे ओमानमध्ये, बौशरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचं इंग्रजी भाषण घुमत होतं, आणि ताटातली भेंडी मात्र तशीच राहत होती.

मला खोडी काढायची लहर आली. खालच्या मजल्यावरच्या ओमानी आजींना मी हे सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या. त्यांच्या लहानपणी टोळधाड आली की घरोघरी टोळ भाजून खायचे म्हणे. चार दिवसांनी त्या भाजलेल्या टोळांची बशी घेऊन आमच्या दारात हजर! कुठून मिळवले, ते मी विचारलं नाही.

मी बशी मुलीपुढे सरकवली. "घे, हे तुझं भविष्य."

ती किंचाळेल असं मला वाटलं होतं. तिने शांतपणे एक टोळ उचलला, आजींनी दाखवलं तसे त्याचे पाय आणि पंख काढले आणि कुरुम कुरुम खाऊन टाकला.

"आई, आता तू."

"अगं, माझं पोट जरा..."

"यल्ला, चल!" आजी म्हणाल्या. त्यांनी प्रेमाने आणलेलं नाकारायची सोय नव्हती. मी डोळे मिटून चावलं. खारट, सुकटीसारखं आणि खरं सांगायचं तर छान लागलं. दुसरा मी आपणहून घेतला.

मुलीने तेवढ्यात माझा फोटो काढला आणि भाषणाच्या शेवटी अख्ख्या शाळेला दाखवला.