बॅटरी धरणारी मुलगी

रेखाचं लग्न माझ्यामुळे मोडलं, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. मला हे साफ नामंजूर आहे. जे जोडलंच नव्हतं ते मोडेल कसं? एवढा साधा प्रश्न विचारला की आई पदर तोंडाला लावते, अण्णा पेपर उघडतात आणि माझी बायको मंगल स्वयंपाकघरात भांडी आपटते. मुद्द्याला उत्तर कुणीच देत नाही!

गोष्ट एक्याण्णव-ब्याण्णवची. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, पण सुरतेत गोडादऱ्याला राहून सुरतीच झालेलो. मी उधन्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, मेंटेनन्स इंजिनिअर होतो. रेखा माझी धाकटी बहीण. मराठी शाळेत शिकवायची, दिसायला छान, बोलायला त्याहून छान, आणि वय सव्वीस. आमच्या समाजात मुलगी सव्वीसची झाली की शेजारणी आईला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायला लागतात. तीन स्थळं हातची गेली होती. अण्णांची झोप उडाली होती. अशात कडोदऱ्याहून स्थळ आलं. वडिलांचा स्वतःचा लूमचा कारखाना, मुलगा इंजिनिअर. अंकलेश्वरला मेंटेनन्सला! नाव महेश. की मुकेश. (सुरुवातीला म होता, एवढं नक्की.)

"ह्या खेपेला काही गडबड नको," अण्णा मला म्हणाले. मलाच का म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही.

रविवारी दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. वडील कडोदऱ्यात इतकी वर्षं काढून बसलेले की त्यांच्या मराठीत निम्मी गुजराती. आमचं घर तळमजल्यावर, खिडकीला शेजारच्या घराची भिंत चिकटलेली, त्यामुळे भरदुपारी दिवा लावावा लागे. मे महिना होता. टीपॉयवर पोहे होते, खास चौक बाजारातून आणलेली घारी, म्हणजे सुरतेची तुपातली मिठाई, होती, आणि वर पंखा होता.

पंखा टक्‌ टक्‌ करत होता.

तो दिवाळीपासून टकटकत होता, हे मला मान्य आहे. घरातल्यांना ऐकू येत नव्हतं. मला येत होतं, पण वेळ मिळत नव्हता. रेखा ट्रे घेऊन बाहेर आली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मुलानं वर पाहिलं.

"बेअरिंग," तो म्हणाला.

आता मला सांगा, समोरचा माणूस चुकीचं निदान करतोय आणि आपण पोहे खात गप्प बसायचं? ही कुठली पाहुणचाराची पद्धत?

"बेअरिंग नाही," मी म्हणालो. "बासष्टशे दोन नंबरचं आहे, दिवाळीत मी स्वतः बदललंय. वर दांड्याची पिन ढिली आहे."

"पिन असती तर पंखा हलला असता."

"हलतोय की! नीट बघा."

"महेश," त्याचे वडील म्हणाले (की "मुकेश" म्हणाले?), "तुला मुलीला काही विचारायचं असेल तर विचार ने."

मुलानं रेखाकडे तोंड वळवलं. मात्र डोळे वरच होते. "तुमच्याकडे व्होल्टेज किती येतं?"

रेखानं माझ्याकडे पाहिलं. मी तिला खुणेनं धीर दिला, कारण प्रश्न बरोबर होता. संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज पडायचंच.

पुढचं सगळं फार व्यवस्थित झालं. घरातले त्याला 'धिंगाणा' म्हणतात. मी स्टूल आणलं, मुलानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. सुरक्षेची त्याला इतकी काळजी की त्यानं मीटरपाशी जाऊन सरळ फ्यूज उपटला आणि खिशात टाकला, म्हणजे चुकून कुणी बटण दाबायला नको. (असे जावई हल्ली मिळतात का?) घरात अंधार झाला. पंखा थांबला. पाहुणीच्या कपाळावर घामाचे थेंब जमू लागले.

"हाई काय करी ऱ्हायना रे तू?" आई कुजबुजली. आई चिडली की थेट अहिराणीवर येते. "पाव्हणा बठेल शेतस ना!"

"आई, पाच मिनिटं. रेखा, बॅटरी आण!"

रेखानं ट्रे खाली ठेवला आणि बॅटरी आणली. ती पंख्याच्या दिशेनं रोखून मी तिच्याच हातात दिली आणि आम्ही दोघं कामाला लागलो. तो एका स्टुलावर, मी टीपॉयवर. (पोहे मी आधी बाजूला सरकवले होते. घारी सरकवायची राहिली.) वरची वाटी खाली ओढली तशी सहा महिन्यांची धूळ अलगद घारीवर उतरली.

"अरे भाई, हवा तो चालू करो!" मुलाचे वडील पेपरनं वारा घेत होते.

"काका, अर्धवट सोडता येत नाही," मी म्हणालो.

"पप्पा, अर्धवट सोडता येत नाही," मुलगाही त्याच दमात म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला समजून घेत होतं! त्यानं पात्यांची बाजू धरली, मी पिन काढली. निदान माझंच बरोबर होतं, पिनच झिजली होती. मी विजयानं ती वर धरली, आणि माझ्या घामेजल्या बोटांतून ती निसटली.

"हालू नका!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

कुणी हाललं नाही. माझे वडील, त्याचे वडील, दोन्ही आया, सगळे अंधारात पुतळ्यासारखे बसले. रेखा बॅटरीचा झोत जमिनीवरून फिरवत होती. कॉटखाली नाही, टीपॉयखाली नाही, अण्णांच्या चपलेत नाही. तेवढ्यात मुलाच्या आईनं, बिचारीनं संकोच घालवायला म्हणून, पोह्यांचा एक घास घेतला.

कट्ट!

पिन सापडली. दात अर्धा गेला.

यावर घरात इतका गहजब झाला की बोलायची सोय नाही. आई रडायच्या बेतात, मंगल लवंगेचं तेल शोधतेय, अण्णा हात जोडून उभे. मुलाचे वडील उठले आणि "बस, चालो" म्हणून दाराकडे निघालेसुद्धा. मुलगा मात्र खाली उतरायला तयार नव्हता. "पप्पा, एक नट उरलाय, तो कुठला ते बघू द्या!" असा माणूस! त्याला अक्षरशः दंडाला धरून नेलं. नेताना फ्यूज त्याच्या खिशातच गेला, आणि आमचं घर दुसऱ्या दिवसापर्यंत काळोखात बसलं. (तरी दोष माझाच!)

दुसऱ्या दिवशी मध्यस्थ आला. अण्णांनी त्याला पाहताच खुर्चीचा हात घट्ट पकडला. मध्यस्थानं पेपरात गुंडाळलेला फ्यूज टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "होकार आहे."

"काय?" अण्णा उठून उभेच राहिले.

"आईबाप नाहीच म्हणत होते. पण मुलगा हट्टाला पेटला. म्हणतो, याच घरात लग्न करीन."

"मुलगी आवडली त्याला!" आईनं हात जोडले.

मध्यस्थ जरा घुटमळला. "तसं मी विचारलं. तो म्हणाला, ती बॅटरी धरली होती, ती ना? हात फार स्थिर आहे."

मला तर यात उत्तम शेरा दिसला. बॅटरी स्थिर धरणं लोकांना वाटतं तेवढं सोपं नसतं. अण्णांनी पेढे आणायला पैसे काढले. आणि तेवढ्यात रेखा बाहेर येऊन म्हणाली, "मला हे स्थळ नको."

माझं डोकंच फिरलं. चांगला मुलगा, निर्व्यसनी, हुशार, बिघाड दिसला की जेवणावरून उठणारा!

"कारण सांग," मी म्हणालो. "कारणाशिवाय नकार मी ऐकून घेणार नाही."

"कारण तू," रेखा म्हणाली.

"मी काय केलं?"

"काल मी कोणत्या रंगाची साडी नेसले होते, भाऊ?"

हा काय प्रश्न झाला? मला बेअरिंगचा नंबर पाठ होता, पिनेची जाडी पाठ होती, उरलेला नट वाटीच्या आतल्या पट्टीचा हे रात्री पडल्या पडल्या आठवलं होतं. "अंधार होता," मी म्हणालो. "बॅटरीच्या पिवळ्या उजेडात रंग बरोबर कळत नाहीत."

"मी बाहेर आले तेव्हा दिवा चालू होता. आणि तू रंगाच्या गिरणीत काम करतोस."

"मी बॉयलरवर असतो!"

रेखा हसली नाही. "मी पहाटे उठून तयार झाले होते, भाऊ. त्या खोलीत माझं लग्न ठरायचं होतं. तुम्ही दोघांनी मला बॅटरी धरायला लावली आणि एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यानंही नाही आणि तूही नाही." एवढं बोलून ती आत गेली. अण्णांनी पेढ्यांचे पैसे परत खिशात घातले.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो. "हिच्या डोक्यात हे कुणी भरवलं?" मी मंगलला विचारलं. "अगं, इंजिनिअरची स्मरणशक्ती असते कशी, सांग तिला तू! तुला पाहायला आलो होतो तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. तुमच्या ओसरीवर शिलाई मशीन होतं, त्याचा पट्टा सैल होता. भिंतीवरचं घड्याळ पुढे होतं. हापशाचा वॉशर गेलेला होता, पाणी यायच्या आधी हवा ओढायचा."

"आणि मी?" मंगलनं पोळी लाटता लाटता विचारलं.

"तू? तू असशील ना तिथंच कुठंतरी!"

मंगलनं लाटणं खाली ठेवलं. "रेखाच्या डोक्यात मी भरवलं," ती म्हणाली.

पुढच्या थंडीत रेखाला दुसरं स्थळ आलं. मुलगा रिंग रोडच्या मार्केटात, साड्यांच्या दुकानात. आईनं आदल्या दिवशीच माझे पाने-पक्कड कुलपात घातले. (माझे! माझ्याच घरात!) मीही मनाशी ठरवलं, या लोकांना एकदाचं दाखवूनच द्यायचं. रेखा बाहेर आल्यापासून मी तिच्या साडीवरून नजर हलवली नाही. लिंबू रंग, गर्द हिरवा काठ, पदरावर कुयऱ्या, उजवीकडच्या कुयरीचा एक धागा सुटलेला. कोण काय बोललं, कोण हसलं, कशाकडे लक्ष दिलं नाही. पाहुणे गेले तेव्हा मला ती साडी तोंडपाठ होती.

अण्णा खुशीत होते. रेखा तर लाजून आतच पळाली होती. अण्णा माझ्याकडे वळले. "काय रे, मुलगा कसा वाटला?"

"कोण?" मी म्हणालो. "मुलगा पण आला होता?"