डिझेल इंजिनाचे मिस्त्री

मिस्त्री शेतात आले की आधी बंद इंजिनावर तळवा ठेवायचे आणि विचारायचे, "काय म्हनतंय?" मी बिघाड सांगू लागलो की म्हणायचे, "तुमाला न्हाई, त्याला इचारलं."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. निलंग्याकडच्या आमच्या पाच-सात गावांतली डिझेल इंजिनं त्यांच्याच हातची. खोकला असा, की लोक बिडी सोडा म्हणायचे. बिडी त्यांनी जन्मात ओढली नव्हती.

सोलर पंपाची योजना आली तेव्हा मी सल्ला त्यांनाच विचारला. आता बोला! ज्याचं पोट इंजिनावर, त्यालाच.

"बिनधास्त घ्या मालक. माझ्या छातीत लई धूर साठलाय, अजून किती भरू?"

"आणि तुमचा धंदा?"

"उन्हाला मिस्त्री लागत न्हाई," म्हणाले आणि पाना पुसून पिशवीत टाकला.

मी सोलर घेतला. माझं बघून गावानं घेतला.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्राची पूजा होते. इंजिन होतं तोवर नारळ मिस्त्रीच फोडायचे, तो मान त्यांचा. त्या वर्षी मी बोलावलं नाही. सोलरशी त्यांचा काय संबंध, असं माझं डोकं! प्रत्येक प्लेटवर कुंकवाचे पंजे उठवले, झेंडूच्या जाड माळा आडव्या सोडल्या आणि बटण दाबलं. पाणी करंगळीएवढं. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, उद्या बघू. इकडे मिरची माना टाकत होती. शेवटी लाज गुंडाळून मिस्त्रींना फोन केला.

ते लगेच आले. माळा उतरवून खांबाला बांधल्या, ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. पाणी धो धो आलं.

"पूजा बराबर हाय मालक. फकस्त उन्हाच्या आडवी आली."

मी हसलो. ते विहिरीजवळच्या रिकाम्या चौथऱ्याकडे बघत होते.

"इंजिन कुठं हाय?"

"भंगारात दिलं."

"कवा?"

"दोन महिने झाले."

बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "सांगायचं की. भेटून आलो असतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहासुद्धा विचारायचं सुचलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला सकाळीच, धुतलेली टोपी घालून, त्यांना बोलवायला गेलो. दाराला कुलूप. शेजारीण उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती.

"लातूरला गेले की लेकीकडं, कायमचे. हितं काम उरलं न्हाई म्हनले. जाताना घरोघर भेटून गेले." तिनं मान वर केली. "तुमच्याकडं आले न्हवते का?"

"आले होते," मी म्हणालो.