पहिलं थेट विमान

आखातातून नागपूरला थेट येणारं पहिलं विमान उतरलं, तेव्हा अग्निशमनाच्या दोन गाड्यांनी त्यावर पाण्याची कमान धरली. बाहेर थांबलेल्या आम्हांला ती पडद्यावर दिसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण जरा चोरून.

विमानवाहतूक खात्यात असताना याच मार्गाच्या फायलीवर मी वर्षानुवर्षं एकच शेरा लिहीत आलो: ‘तूर्त परवानगी नको.’ परक्या कंपनीला इथे उतरू दिलं तर आपल्या कंपनीचे प्रवासी जातील आणि बदल्यात त्यांचा देश आपल्याला काहीच देणार नाही, हे मला देशहिताचं वाटे. माझी बदली झाली, तेव्हाच ती फाईल हलली.

शेजारी उभे असलेले म्हातारे गृहस्थ सांगत होते, “पोरगा तिकडं वेल्डर आहे जी. माय गेली तेव्हा मुंबईत विमान बदलण्यातच त्याचा दिवस गेला. तिचं तोंड नाही पाहू शकला.”

मला राहवलं नाही. “बाबाजी, हे विमान इतकी वर्षं मीच अडवलं होतं.”

ते माझ्याकडे वळले. तेवढ्यात दार सरकलं आणि माणसं बाहेर येऊ लागली.

“आता आलं ना? मंग सरका बाजूला साहेब, पोरगा दिसू द्या.”

मी सरकलो. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुणाला वाट करून दिली नव्हती.