आनंदाची थरथरती बोटं

लालबागच्या बेंजो पार्टीत आनंदा परब तीस वर्षं वाजवत आला, पण क्वार्टर पोटात गेल्याशिवाय त्या पठ्ठ्याने बेंजोला कधी हात लावला नाही. यंदा त्याने दारू सोडली आणि तालमीतच बोटं थरथरायला लागली. दोन सूर चुकले.

पार्टीचा म्होरक्या जगन त्याच्यासमोर भरलेला ग्लास ठेवत म्हणाला, "घे रे थोडी, हाताची थरथर लगेच थांबेल. उद्या मिरवणूक आहे, इज्जत घालवशील."

आनंदाने ग्लास उचलला आणि सरळ मोरीत ओतला.

"तीस वर्षं लोक म्हणाले, आनंद्या, काय वाजवतोस! ते सगळं बाटलीने वाजवलं. आज चुकले ना, ते दोन सूर माझे आहेत. उद्या लालबागने पहिल्यांदा मला ऐकायचं. चल, घे सुरुवातीपासून!"